आजचं चिंतन: म्हातारपण कुणाचं बघायचं?

आज गीतेचा तेरावा अध्याय. ज्ञानाच्या लक्षणांत भगवंत सांगतात, म्हातारपण आणि आजारातलं दुःख पुन्हा पुन्हा बघत राहा. ज्ञानेश्वरीत माऊली इथं बराच वेळ थांबतात: साधक तरुणपणीच आपलं पुढचं म्हातारपण डोळ्यांसमोर आणतो. 'आपलं' हा शब्द सुटायला नको.

कारण हे वैराग्य आपण दुसऱ्यावर ढकलतो. माहूरला रेणुकामातेच्या पायऱ्यांपाशी आजी म्हणते, "तुम्ही जाऊन या, माझा नमस्कार सांगा." आपण म्हणतो, वय झालं, चालायचंच. (चालणंच तर थांबलंय!) देह नश्वर आहे हे आजीनं म्हणावं. नातवानं म्हटलं की ते सोयीचं अध्यात्म होतं.

चाल मंदावण्यामागे स्नायूंची झीज असते, गुडघे असतात, कधी बी-१२ची कमतरताही. यातलं बरंच उपचारानं, व्यायामानं सुधारतं, सत्तरीतसुद्धा. डॉक्टर एक साधी चाचणी घेतात: खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालून वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका समजतात. नांदेड, लातूर दोन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथं दाखवता येतं. आजी स्वतःहून सांगणार नाही. "लेकरांना कशाला त्रास" म्हणेल.

रविवारी मोबाईलवर सेकंद मोजा. मग तुम्हीही हात न टेकवता उठून बघा.