पाप कुणाचं?

रिपोर्ट न्यायला आलेले नातेवाईक आधी विचारतात, "बरं होईल ना?" मग आवाज खाली आणून, "कुणाचं पाप भोवलं हो?" आई गेली, मावशी गेली आणि आता ऐन तिशीतली मुलगी, अशा घरातून तर हा प्रश्न हमखास येतो. मी पॅथॉलॉजिस्ट, तरी मला तो अडाणीपणाचा वाटत नाही. एवढ्या दुःखाला कारण हवंच.

न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात 30 वर्षांत 25 माणसं जठराच्या कर्करोगाने गेली. काहींना हा शाप वाटे. माओरीत त्याला 'माकुतू' म्हणतात. पण कुटुंब स्वतःहून संशोधकांकडे गेलं, सगळी वंशावळ उघडी करून बसलं. ओटागो विद्यापीठातल्या पॅरी गिलफर्ड यांच्या गटाने 1998 साली 'नेचर'मध्ये कारण प्रसिद्ध केलं, तेव्हा लेखकांत त्या कुटुंबातल्यांचीही नावं होती. दोष निघाला 16व्या गुणसूत्रावरच्या सीडीएच1 या जनुकात. त्यातून ई-कॅडहेरिन हे प्रथिन बनतं. पेशीच्या कडेवर राहून, कॅल्शियमच्या आधाराने, ते शेजारच्या पेशीवरच्या आपल्यासारख्याच प्रथिनाला धरून ठेवतं.

आमच्या स्लाइडवर निरोगी पेशींभोवती या प्रथिनाची तपकिरी रेघ उठते, मधमाशांच्या पोळ्यासारखी. या कर्करोगात बहुधा ती रेघच उठत नाही. सुट्या पेशी एकेकट्या शिरत जातात. प्रत्येक पेशीच्या आत श्लेष्म साचून तिचं केंद्रक कडेला रेटलेलं असतं. गाठ बनत नाही. दोष सापडला म्हणून आधीच काढून टाकलेलं जठर टेबलावर अगदी ठणठणीत दिसतं, आणि पूर्ण कापून तपासलं की अस्तरात बहुधा या पेशींचे बारीक पुंजके सापडतात.

यात पाप कुठे ठेवायचं? न केलेल्या कर्माचं फळ पदरात पडणं, 'अकृताभ्यागम', हा आपल्या दार्शनिकांनीच दोष मानला आहे. मग आजीचं पाप नातीला भोवलं म्हणणं कर्मसिद्धांतालाच सोडून आहे. मागच्या जन्माचं म्हणावं, तर तो जन्म मला दिसत नाही आणि खोडताही येत नाही. पण आठवतच नाही अशा गुन्ह्याची कबुली आजारी बाईकडून मागणं, याला मी धर्म म्हणणार नाही.

शिवाय पाप म्हटलं की लपवालपव आली. धाकटीचं लग्न ठरायचंय, तिला सांगू नका, म्हणतात. जनुकातला हा दोष बापाकडूनही येतो आणि प्रत्येक अपत्याला मिळण्याची शक्यता निम्मी असते. ज्याला मिळाला त्या प्रत्येकाला कर्करोग होतोच असं नाही. जन्मतः एक प्रत बिघडलेली असते, दुसरी पुढे एखाद्या पेशीत बंद पडावी लागते. बायकांना स्तनाच्या एका प्रकारच्या कर्करोगाचाही धोका असतो. म्हणजे वेळेत कळलं, तर हातात बरंच काही असतं. ज्या धाकटीपासून हे लपवायचं, तिलाच पहिल्यांदा सांगायला हवं.