खांदशेकणी

पोळ्याच्या आदल्या दिवशी दारव्हा तालुक्यातल्या गावांत बैलांच्या मानेवर जू ठेवत नाहीत. त्यांना नाल्यावर नेऊन धुतात, धुऱ्यावर चरायला सोडतात आणि संध्याकाळी त्यांचे खांदे शेकतात. गरम पाणी, तूप किंवा लोणी, हळद आणि पळसाचं पान. जू घासून जिथली कातडी निबर झालेली असते, तिथं हात हळूहळू फिरतो. मग उद्याच्या जेवणाचं आवतन दिलं जातं. या साऱ्यात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बैलाला विसावा द्यायचा म्हणून त्याला दिवसभर दावणीला बांधून ठेवत नाहीत. तो चालतो, पाण्यात उतरतो, मोकळा चरतो. फक्त ओझं ओढत नाही.

माणसाच्या शरीराला मात्र आपण हा मधला दिवस देत नाही. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं पहाटे 1600 मीटरचा सराव करतात आणि घरी येऊन अंगणात जोर-बैठका, पुशअप मारतात. अंग दुखलं नाही तर व्यायाम झालाच नाही, अशी त्यांची पक्की समजूत असते. मग एखाद्या सकाळी मांड्या इतक्या भरून येतात की पायऱ्या उतरवत नाहीत. त्यानंतर दोन दिवस खाटेवर पडून मोबाईल, आणि तिसऱ्या दिवशी बुडालेला व्यायाम भरून काढायचा म्हणून दुप्पट बैठका. अशानं नडगी धरते, गुडघा कुरकुरतो आणि महिनाभरात सगळंच बंद पडतं. मुलांच्या जिद्दीत काही कमी नसतं. मधल्या दिवशी काय करायचं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

सवयीपेक्षा जास्त जोर लावला की स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते आणि तिचा ठणका साधारण 24 ते 72 तासांत सर्वांत जास्त जाणवतो. लॅक्टिक आम्ल साचून राहिल्यामुळे दुखतं, असं अजूनही बरेच जण सांगतात. ते आम्ल तास-दोन तासांतच रक्तातून निघून गेलेलं असतं. दुखऱ्या दिवशी वीस-पंचवीस मिनिटं सहज बोलता येईल इतक्या बेतानं चाललं, तर आखडलेलं अंग सैल होतं आणि ठणका काही वेळ उतरतो. त्यानं इजा चमत्कारासारखी भरून येत नाही, त्याला झोप आणि पोटभर जेवणच लागतं. पण शरीराची हालचाल सुटत नाही आणि व्यायामाची सवय मोडत नाही. मला हा लाभ मोठा वाटतो.

सांध्यांची गोष्ट याहून महत्त्वाची. सांध्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलतो, दबतो, सुटतो, तेव्हा आतला वंगणासारखा द्रव तिच्यात झिरपतो आणि तेच तिचं पोषण. म्हणून प्रत्येक सांधा रोज एकदा तरी त्याच्या पूर्ण टप्प्यात फिरला पाहिजे. त्यासाठी जिम लागत नाही. भिंतीपासून चार बोटांवर पाऊल ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवून पाहा. टेकत नसेल तर घोटा आखडला आहे, आणि बैठका मारताना त्याचा भार गुडघा सोसतो आहे. पंचा दोन्ही हातांत लांब धरून डोक्यावरून मागे नेला की खांदा किती उघडतो ते कळतं. मार्जारासनात पाठीचा कणा वर-खाली होतो. मिनिटभर उकिडवं बसलं की कंबर, गुडघा, घोटा तिन्ही मोकळे होतात.

आपल्या भागात ही जाण नव्हती असं नाही. तालमीत मालीश हा मेहनतीचाच भाग मानत. अमरावतीला 1914 साली वैद्य बंधूंनी हनुमान क्लब सुरू केला. तेच आजचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. 1936 मध्ये मंडळाच्या पथकानं बर्लिनला जाऊन भारतीय व्यायामप्रकार दाखवले. एवढी परंपरा दारव्ह्यापासून काही तासांच्या वाटेवर आहे.

पण मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती व्यायाम न करणाऱ्यांची. कापूस वेचणाऱ्या बाईला व्यायामाचं काय सांगता, ती दिवसभर राबतेच, असं म्हणून आपण विषय संपवतो. तिचं राबणं जवळून पाहा. कमरेला ओटी बांधलेली, ओटीत कापसाचं वाढत जाणारं वजन, पाठ पुढे झुकलेली आणि दोन्ही हात बोंडांवर. मजुरी किलोवर, म्हणून उभं राहून पाठ सरळ करायलाही मन होत नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत शरीर एकाच दिशेला वाकलेलं राहतं. याला श्रम म्हणावं, व्यायाम नव्हे. तिला हवी आहे ती उलट दिशेची हालचाल. तास-दीड तासानं सरळ उभं राहून, दोन्ही हात कमरेवर ठेवून, हलकंच मागे झुकायचं. घरी आल्यावर पाठ जमिनीला टेकून गुडघे आळीपाळीनं छातीशी घ्यायचे, मग पालथं झोपून कोपरांच्या आधारानं छाती थोडी उचलायची. दहा मिनिटं पुरतात. मुंग्या पायात उतरत असतील, सांधा सुजला असेल किंवा दुखण्यानं झोपमोड होत असेल, तर मात्र डॉक्टरांनाच दाखवावं.

ही दहा मिनिटं तिला मिळत नाहीत, कारण वावरातून आल्याबरोबर तिला चुलीपुढे बसावं लागतं. तेव्हा घरातल्या सगळ्यांना एक विनंती. वेचणीच्या हंगामात ती घरी आली की चहा तिच्या हाती द्या, तिला चटई टाकून द्या आणि कणीक दुसऱ्या कुणीतरी मळा.