दुसरा अंगरखा

यावल परिसरात केळीची कापणी सुरू झाली की पहाटेपासूनच पिकअप गाड्यांची ये-जा सुरू होते. हौद्यात केळीची हिरवी पाने अंथरलेली असतात, त्यांवर घड रचलेले असतात आणि घडाला घड घासू नये म्हणून मध्ये पुन्हा पाने दिलेली असतात. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मधल्या काळ्या जमिनीत केळीच्या बागा, असा हा मुलूख. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मानाचा मोठा वाटा बागेत राबणाऱ्या हातांचा आहे. परंतु कापलेला घड कोणासाठी थांबत नाही, म्हणून थोडा वाटा या गाड्यांचाही मानायला हरकत नसावी.

आमच्या धर्मग्रामातील एका घरी अशा दोन गाड्या आहेत. एक जुनी, दुसरी नवी. नवी आल्यावर जुनी विकली जाईल असे सर्वांना वाटले होते. ती विकली गेली नाही. कडुनिंबाच्या सावलीत ती उभी असते. घरातील वडीलधारे गृहस्थ, ज्यांना सारे आबा म्हणतात, रोज सकाळी तिच्यावरची धूळ फडक्याने पुसतात. ही साधी गोष्ट मला वर्षभर विचार करायला लावील असे मला वाटले नव्हते. प्रश्न असा की, एका वस्तूने काम भागत असताना दुसरी जपून ठेवणे ही कृतज्ञता म्हणायची, शहाणपण म्हणायचे की लोभ?

या प्रश्नाचे वजन कळण्यासाठी अशी गाडी येथे काय आहे हे आधी ध्यानात घ्यावे लागेल. एकेकाळी बागेतून माल बाहेर काढण्याचे काम बैलगाडीचे होते. पुढे घड सावदा, निंभोरा, रावेर या रेल्वे स्थानकांवर जात आणि तेथून वाघिणींतून उत्तरेकडे रवाना होत. ट्रक आले; पण ट्रक घेणे हे लहान माणसाच्या आवाक्यातले नव्हते. महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये आपल्या देशात जीप जोडण्यास प्रारंभ केला होता. टाटांची ४०७ ही गाडी १९८६ मध्ये आली, १९८८ मध्ये टाटामोबाइल ही पिकअप आली आणि २००५ मध्ये, लोक ज्याला ‘छोटा हत्ती’ म्हणतात, तो टाटा एस आला. या लहान मालगाड्यांनी खेड्यातील एका वर्गाचे आयुष्य पालटून टाकले. ज्याच्याजवळ शेत नव्हते, किंवा असून नसल्यासारखे होते, त्याला कर्जाने का होईना, स्वतःचे म्हणावे असे एक साधन मिळाले. शेतकऱ्याला जसा नांगर, तशी अशा माणसाला ही गाडी.

आबांनी आपली पहिली गाडी २००१ साली कर्ज काढून घेतली. त्याआधी ते दुसऱ्याच्या ट्रकवर चालक होते. त्या गाडीवर घर उभे राहिले, दोन मुले शिकली, मुलीचे लग्न झाले. २०१९ मध्ये थोरल्या मुलाच्या आग्रहाने नवी गाडी आली. तिचे हप्ते अजून संपलेले नाहीत.

२०२४ च्या आगमनकाळातील तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी तो मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, “फादर, आबा तुमचे ऐकतात. ती जुनी गाडी आता विकू द्या, एवढे त्यांना सांगा. अकरा वर्षे आमच्याकडे असलेला ड्रायव्हरही ती मागतो आहे. त्याच्याजवळ स्वतःचे काहीच नाही. आबा ना विकत, ना देत.”

दुसऱ्या दिवशीचे शुभवर्तमान नेमके संत लूकच्या तिसऱ्या अध्यायातील होते. लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावे? आणि योहान अगदी घरगुती उत्तर देतो: दोन अंगरखे असणाऱ्याने एक, नसणाऱ्याला द्यावा. मला वाटले, परमेश्वराने प्रवचन तयार करूनच पाठवले आहे. मी चौथ्या शतकातील संत बाझिल यांचा दाखला दिला. पेटीत पडून राहिलेले वस्त्र हे खरे तर उघड्या माणसाचे असते, असे त्यांनी कैसरियातील धनवंतांना खडसावले होते. मी नाव कोणाचे घेतले नाही. पण ‘दोन’ हा शब्द उच्चारताना माझी नजर कोणत्या बाकाकडे गेली, हे त्या बाकावरच्या माणसाला समजले.

पुढचे दोन रविवार आबा मिस्सा संपताच निघून गेले. नाताळ उलटल्यावर एके सायंकाळी ते आले. रागावलेले नव्हते. म्हणाले, “फादर, तुम्ही गाडीवर प्रवचन केले, पण गाडी एकदाही पाहिली नाही. उद्या या.”

हा आरोप खरा होता. मी दुसऱ्या दिवशी गेलो.

आबांनी मला शेजारी बसवले. आधी हीटर दिला, थोडे थांबले, मग किल्ली फिरवली. गाडी खोकत खोकत सुरू झाली. नाल्याच्या काठाने सातपुड्याच्या बाजूच्या एका बागेपर्यंत आम्ही गेलो. वाट अशी की पाटे कुरकुरत होते. आबा म्हणाले, “या वाटेवर नवी गाडी घालवत नाही, फादर. ती अजून बँकेची आहे. ही माझी आहे.” मग त्यांनी सांगितले की मयत असो, लग्न असो, कोणाचे घरसामान हलवायचे असो, गाव हीच गाडी मागतो आणि ते भाडे घेत नाहीत. शेवटी, परतताना, त्यांनी जे सांगितले ते सहजासहजी कोणी सांगत नाही. “नवीचे हप्ते थकले तर ती ओढून नेतील. हिला कोणी नेणार नाही. ही दारात आहे तोवर मला झोप लागते.”

म्हणजे एक वस्तू जपण्यामागे तीन कारणे होती: उपयोग, आठवण आणि भय. मी प्रवचनात या तिन्हींना मिळून एकच नाव दिले होते, लोभ. हा माझा पहिला दोष.

उपयोगाबद्दल वाद नाही. खडबडीत वाटेला जुने आणि डांबरी रस्त्याला नवे, अशी वाटणी शहाणा माणूस करतोच. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात वापरून फेकून देण्याच्या वृत्तीबद्दल सर्व जगाला सावध केले. जी वस्तू दुरुस्त होऊन काम देते ती केवळ जुनी झाली म्हणून भंगारात घालणे हीसुद्धा उधळपट्टीच होय. नवे तेवढेच चांगले असे मानणारा आणि जुने तेवढेच चांगले असे मानणारा, दोघेही डोळे मिटूनच निवड करतात. प्रभू येशूने मात्र संत मत्तयच्या तेराव्या अध्यायात, आपल्या भांडारातून नवे आणि जुने दोन्ही काढणाऱ्या घरधन्याचा दाखला दिला आहे. त्यात ‘काढणे’ हे क्रियापद महत्त्वाचे आहे. भांडार हे बाहेर काढण्यासाठी असते.

आठवणीचे तसे सोपे नाही. खानदेशात पोळ्याला नव्या बैलाबरोबर म्हाताऱ्या बैलालाही सजवतात, गोडधोड खाऊ घालतात. काम संपले म्हणून त्याला खुंट्यावरून हाकलणाऱ्या शेतकऱ्याला लोक नावे ठेवतात. आबा आपल्या गाडीकडे याच भावनेने पाहतात. परंतु बैल आणि गाडी यांत भेद आहे. बैलाला भूक लागते, दुखते-खुपते. म्हणून त्याचा आपल्यावर हक्क आहे. लोखंडाचा आपल्यावर कोणताही हक्क नाही. वस्तूविषयी वाटणारी कृतज्ञता ही खरे तर वस्तूमधून पलीकडे जात असते: ज्यांनी पहिले कर्ज मिळवून दिले त्यांच्याकडे, रात्री बेरात्री हौद्यात पाने अंथरणाऱ्या पत्नीकडे, आणि शेवटी ज्याने हे सारे दिले त्या परमेश्वराकडे. ती वस्तूपाशीच अडून राहिली तर तिची कृतज्ञता उरत नाही, फक्त आसक्ती उरते.

राहिले भय. येथे मला फार जपून लिहिले पाहिजे. संत लूकच्या बाराव्या अध्यायातील धनवान माणूस मोठी कोठारे बांधतो आणि त्याच रात्री त्याचा प्राण मागितला जातो. हा दाखला मी अनेकदा सांगितला आहे. पण ज्याला आयुष्यात एकही हप्ता भरावा लागला नाही, ज्याच्या आजारपणाची आणि म्हातारपणाची काळजी ख्रिस्तसभा घेते, त्याने हा दाखला कर्जदाराला सांगताना आवाज खाली ठेवावा. भरल्या कोठारांवर आणखी कोठारे बांधणे आणि गरिबीतून एक पायरी वर आलेल्या माणसाने खालच्या पायरीवर पाय टेकवून ठेवणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. संत पौल तुरुंगातून तिमथ्याला लिहितो, तेव्हा त्रोवसात राहिलेला आपला झगा घेऊन येण्यास सांगतो. हिवाळ्यापूर्वी ये, असेही म्हणतो. प्रेषितालाही थंडी वाजत होती आणि त्याचा झगा त्याला हवा होता. सुवार्तेने त्याला त्याबद्दल दोष दिलेला नाही.

तर मग आबांचे सारे बरोबर होते काय? मुलाला मी हे सांगायला गेलो, तेव्हा त्याने मला एकच प्रश्न विचारला: “फादर, त्या गाडीचे पासिंग कधी झाले, हे आबांनी सांगितले का?” सांगितले नव्हते. पासिंगची मुदत संपून दोन वर्षे झाली होती. ब्रेक उशिरा लागत होते, धूर काळा होता आणि विम्याचीही मुदत टळली होती. ती गाडी मयताला माणसे घेऊन जात होती, हौद्यात मुलेबाळे बसत होती. आबांचे औदार्य खरे होते. पण ते दुसऱ्यांच्या जिवावरचे औदार्य होते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी शिकवले की वस्तू मिळवण्याचा व सांभाळण्याचा अधिकार माणसाला असला, तरी तिचा वापर त्याने ती सर्वांची आहे असे समजून करावा. आपण याचा अर्थ ‘गरजवंताला द्यावे’ एवढाच घेतो. पण वस्तूमुळे होणारी इजाही सर्वांच्याच वाट्याला येते. माझ्या आठवणीला दुसऱ्याच्या फुप्फुसांवर आणि हाडांवर काही अधिकार नाही. जुने जपायचे तर ते निर्दोष करून जपले पाहिजे. तेवढी ऐपत किंवा इच्छा नसेल, तर ते मोडीत काढणे हेच धर्माचे काम होय.

आणि तो चालक? ज्याच्याजवळ एकही अंगरखा नाही असा माणूस या कथेत तोच आहे. मी आबांना म्हटले, “आबा, मग त्याला तरी द्या.” आबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “अशी दिली तर ती मदत नव्हे, फादर. टायर, ब्रेक, पासिंग, विमा, सारे त्याच्या गळ्यात पडेल. माझी अडचण मी त्याला दान केली असे होईल.”

ते वाक्य माझ्या मनात रुतून बसले. योहानाचे वचन मी कितीदा तरी सांगितले असेल. पण दोन अंगरख्यांतला कोणता द्यायचा, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आपण बहुधा फाटका देतो आणि त्याला दान म्हणतो. सणासुदीला आमच्या मिशनमध्ये येणाऱ्या जुन्या कपड्यांच्या गाठोड्यांत बटणे तुटलेले सदरे असतात. देणाऱ्याची अडगळ कमी होते, घेणाऱ्याची वाढते. द्यायचेच, तर आधी बटण लावून द्यावे.

शेवटी त्या घरात ठरले ते असे. गाडी आधी गॅरेजमध्ये गेली. ब्रेकचे काम झाले, इंधन पंप दुरुस्त झाला, दोन टायर बदलले. खर्च मुलाला जड गेला. त्याने तो कुरकुरत केला, पण केला. पासिंग आणि विमा झाल्यावर गाडी चालकाच्या हाती आली. एक वर्ष तो ती वाट्याने चालवील, मोठी दुरुस्ती आबांकडे. वर्षानंतर ती त्याच्या नावावर होईल. या वर्षात मयतासाठी भाडे घ्यायचे नाही, ही आबांची अट त्याने आपणहून मान्य केली. हा निवाडा सर्वांशी न्यायाचा झाला की नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मुलाला वाटते, आबांनी फार दिले. मला कधी कधी वाटते, अकरा वर्षांच्या कष्टांपुढे ते थोडेच आहे.

मध्यंतरी बागेत आबा भेटले. घड कापून झालेल्या केळीचे एक खोड उभेच होते. ‘हे का ठेवले?’ असे मी विचारले. ते म्हणाले, “लगेच बुडापासून काढत नाहीत, फादर. त्यातला रस शेजारच्या पिलाला मिळतो. पिलबाग त्यावर जोर धरते. मग हळूहळू काढायचे.”

जुने किती दिवस ठेवावे, या माझ्या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर मला कोणत्याही ग्रंथात मिळाले नसते. ज्याच्या घरी दोन आहेत त्याने एवढेच पाहावे, की उभे ठेवलेले खोड शेजारच्या पिलाला पोसते आहे की नुसतीच जागा अडवून कुजते आहे. माझ्या खोलीतही अशा काही वस्तू आहेत. पुढच्या आगमनकाळापूर्वी मी त्या एकदा बाहेर काढून पाहणार आहे. आणि ज्या द्यावयाच्या, त्यांची बटणे आधी लावणार आहे.