जक्कयाची जकात

काही शब्द आपण रोज वापरतो, पण त्यांचे मूळ आपल्या ध्यानात येत नाही. 'जकात' हा त्यांपैकीच एक. तो उच्चारताच शहराच्या वेशीवरचा नाका, खोळंबलेले मालट्रक आणि पावत्या फाडणारा कारकून आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईचेही जकातनाके बंद झाले. शब्द मात्र राहिला. मूळ अरबीत जकात म्हणजे इस्लामच्या पाच स्तंभांपैकी एक, आपल्या संपत्तीतून गरिबांसाठी काढावयाचा वाटा. फारसी कारभाराच्या वाटेने तो शब्द आपल्याकडे आला तो सरकारी कर होऊन, आणि त्याचा आध्यात्मिक अर्थ वाटेतच गळून पडला.

तो अर्थ मला एका शेजाऱ्याने शिकवला. पवित्र शास्त्राच्या भाषांतराच्या कामानिमित्त माझी बरीच वर्षे बंगळुरूत गेली. आमच्या शेजारी एक मुसलमान कापडव्यापारी राहत. रमजान महिन्यातील एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ते वह्या पसरून हिशेब करीत बसले होते. घरातील सोने-चांदी, दुकानातील माल, रोकड आणि लोकांकडून येणे यांची बेरीज करावयाची, त्यातून आपले कर्ज वजा करावयाचे. उरलेली रक्कम ठरावीक मर्यादेहून अधिक असेल आणि तिला एक चांद्रवर्ष पूर्ण झाले असेल, तर तिचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे शेकडा अडीच, बाजूला काढावयाचा. ही मर्यादा आपल्या देशात साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी अशी मानतात. मी सहज म्हणालो, "मोठे दानधर्माचे काम चालले आहे." ते मान वर न करता म्हणाले, "दान नव्हे, साहेब. हे माझे नाहीच. इतके दिवस माझ्याकडे राहिले, एवढेच."

त्या उत्तराने मी अस्वस्थ झालो, आणि त्याला कारण होते. त्याच वर्षी मी एका गरीब विद्यार्थ्याची परीक्षा-फी भरली होती. मुलगा उत्तीर्ण झाला, नोकरीला लागला. परंतु मला भेटावयास आला नाही. ही गोष्ट मी आमच्या मंडळीतील दोघा-तिघांना खंत म्हणून सांगितली होती. खरे पाहता ती खंत नव्हती, ती वसुली होती. मी दिलेल्या पैशांवर मी कृतज्ञतेचे व्याज मागत होतो.

कुराणात दोन ठिकाणी असे म्हटले आहे की, श्रद्धावंतांच्या संपत्तीत याचकाचा आणि वंचिताचा हक्क असतो. आपल्या मराठीतला 'हक्क' हाच तो मूळ अरबी शब्द. दुसऱ्या अध्यायात अशी ताकीद आहे की, उपकाराची आठवण करून देऊन आणि घेणाऱ्याला दुखवून आपले दान व्यर्थ करू नये. ११११ साली निवर्तलेले थोर धर्मचिंतक अल्-गझाली याच्याही पुढे जातात. त्यांच्या मते, देणाऱ्याने घेणाऱ्यालाच आपला उपकारकर्ता समजावे. कारण देवाचा हक्क स्वीकारून तो देणाऱ्याला शुद्ध करीत असतो. जकात या शब्दाच्या धातूत शुद्धी आणि वृद्धी हे दोन्ही अर्थ आहेत. साठवलेले धन मनाला मळवते, आणि हातून सुटलेले धन मन स्वच्छ करून जाते, असा हा विचार आहे.

जकात कोणाला द्यावी याचे आठ वर्ग कुराणात सांगितले आहेत, आणि बहुतेक धर्मशास्त्री ती मुसलमान गरजूंपुरती मानतात. परंतु तिच्याखेरीज स्वेच्छेने द्यावयाचा 'सदका' कोणालाही देता येतो. बंगळुरूच्या शिवाजीनगरात, संत मरियेच्या बॅसिलिकेपासून फार दूर नाही, असे एक प्रसूतिरुग्णालय आहे. ते कच्छी मेमन व्यापारी हाजी सर इस्माईल सेट यांच्या नावाने ओळखले जाते. 'गोशा' म्हणजे पडदा. पडद्यातील स्त्रियांना संकोचावाचून उपचार मिळावेत, म्हणून उभे राहिलेले हे गोशा रुग्णालय आज सरकारी आहे आणि तेथे सर्व धर्मांच्या माता येतात. कोणा एकाने सोडून दिलेले धन कोठवर पोहोचते, हे तेथील पाळणे सांगतात.

आता आपल्या घराकडे वळू. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू दानाविषयी बोलतो, तेथे डाव्या हाताला उजव्या हाताची कृती कळू नये, असे शिकवतो. हीच प्रतिमा मुसलमानांच्या हदीस-संग्रहांतही आढळते. त्या अध्यायाच्या पहिल्या वचनात प्राचीन हस्तलिखितांत भेद आहे: काहींत 'दान' आहे, तर अधिक जुन्या प्रतींत 'नीतिमत्त्व' या अर्थाचा शब्द आहे. भाषांतरकाराला एकाची निवड करावी लागते; परंतु इब्री मनाला हा भेद फारसा जाणवला नसता. इब्री 'सदाका' म्हणजे नीतिमत्त्व, आणि पुढे त्याच शब्दाला दान हा अर्थ आला. अरबी 'सदका' त्याचाच भाऊबंद. चौथ्या शतकात योहान क्रिसोस्तोमनेही लाजराच्या दाखल्यावर उपदेश करताना बजावले होते की, आपल्या धनाचा वाटा गरिबाला न देणे ही चोरीच होय.

आणि जक्कय? त्याचे नाव 'शुद्ध' या अर्थाच्या इब्री शब्दावरून आले आहे आणि जकातशी त्याचे धातूचे नाते आहे. योगायोग असा की, आपल्या मराठी पवित्र शास्त्रात तो 'मुख्य जकातदार' आहे. नावाने शुद्ध, धंद्याने मलिन! त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन दिले. मात्र त्यापूर्वी काय घडले हे विसरू नये. प्रभूने त्याला झाडाखालून हाक मारली आणि तो त्याच्या घरी उतरला. जक्कयाने शुद्धी विकत घेतली नाही. ती त्याच्या दारी चालत आली, आणि मग त्याची मूठ उघडली.

येथे आपला विश्वास वेगळा आहे, आणि तो भेद झाकून ठेवण्याचे कारण नाही. दानाने पापक्षालन होते असे आपण मानीत नाही. क्षमा झालेला मनुष्य देतो, असे आपण मानतो. पण हा भेद सांगताना माझी जीभ अडखळते. कृपा फुकट मिळाली म्हणून गरिबाचे देणे माफ झाले, असे तर आपण समजत नाही ना? अनुवादात तिसऱ्या वर्षाचा दशांश लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी ठेवावयास सांगितला आहे. आपल्या मंडळीच्या जमाखर्चात त्यांचे पान कोणते?

आपल्या भाषेत 'देणे' या एकाच शब्दाने दान आणि कर्ज असे दोन्ही अर्थ सांगता येतात. तो विद्यार्थी मला पुन्हा भेटला नाही, आणि आता मी त्याची वाट पाहत नाही. मी त्याला काही दिले नव्हते. माझ्याकडे राहिलेले त्याचे त्याला पोहोचते केले होते. तो आलाच, तर आभार मीच मानीन.