मळ कोणाचा?

पेरूच्या अँडीज पर्वतात, सुमारे ३,७५० मीटर उंचीवर, ला ओरोया हे गाव आहे. १९२२ साली तिथे धातू गाळण्याचा कारखाना सुरू झाला. इतर भट्ट्या नाकारत असा मिश्र माल तिथे खपत असे: एकाच खडकात गुंतलेले तांबे, शिसे, जस्त, चांदी आणि त्यांच्यासोबत आर्सेनिक, अँटिमनी, बिस्मथ.

असा खडक दळून पाण्यात फेसाळवतात. झिंक सल्फेट आणि सायनाइडने जस्त दबून राहते, शिसे बुडबुड्यांना चिकटून वर येते. मग मोरचूद घातला की जस्तही तरंगू लागते. हाती येते ते कॉन्सन्ट्रेट. खाणवाला विकतो ते हेच. मात्र धातू पूर्णपणे सुटे कधीच होत नाहीत.

मग अशुद्ध कशाला म्हणायचे?

खरेदीचा करार याचे उत्तर आकड्यांत देतो. शिशाच्या कॉन्सन्ट्रेटमधल्या चांदीचे साधारण ९५ टक्के पैसे मिळतात. तीच चांदी जस्तासोबत गेली तर बरीचशी किंमत बुडते. म्हणजे चांदीसुद्धा चुकीच्या ढिगात पडली की हिणकस! आर्सेनिकला तर दंडच. ठरावीक मर्यादेहून जास्त आर्सेनिक असलेले तांब्याचे कॉन्सन्ट्रेट चीन आयात करू देत नाही, म्हणून व्यापारी ते स्वच्छ मालात मिसळून मर्यादेत बसवतात. आर्सेनिक तेवढेच राहते, फक्त विखुरते. शिसे आणि जस्त वेगळे न करताच विकायचे, तर राजस्थानातल्या चंदेरियासारखी दोन्ही एकत्र गाळणारी भट्टी शोधावी लागते.

शुद्धतेचे दुसरे माप जुन्या रसशास्त्रात सापडते. त्यातल्या ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात जस्त काढण्याची कृती आहे. त्या परंपरेत औषधात वापरण्यापूर्वी धातूचे शोधन अनिवार्य मानले आहे, कारण अशुद्ध धातू शरीरात रोग निर्माण करतो. तिथे मळ ठरतो देहावरून. करारात तो ठरतो भट्टीवरून. हा फरक लहान नाही. आर्सेनिकचा दंड खाणवाल्याच्या बिलातून कापला जातो आणि गाळणाऱ्याच्या पदरी पडतो. धुरात श्वास घेणारे मूल त्या करारात कुठेच नसते.

ला ओरोयातल्या मुलांच्या रक्तात शिसे सापडले. वान्कायोचे तत्कालीन आर्चबिशप पेद्रो बारेतो यांनी हा प्रश्न श्रद्धेचा मानून लावून धरला. त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. २००९ मध्ये भट्ट्या थंडावल्या आणि घरोघरची रोजीही गेली. पुढे कारखाना थकलेल्या पगाराच्या बदल्यात कामगारांकडेच आला. २०२३ मध्ये त्याचा काही भाग त्यांनी पुन्हा सुरू केला. त्याच वर्षी आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने गावाच्या आरोग्याच्या हानीसाठी पेरू सरकारला जबाबदार ठरवले.