खाली ऊन पोचत नाही



देवळाभोवतीचे कोयनेलचे कुंपण आपण रोज पाहतो. खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतही हे झुडूप तग धरते. पाने कडू, म्हणून गुरे तोंड लावत नाहीत. देवनारला साजेसेच!

गेली दोन वर्षे आम्ही ते फक्त वरून छाटून घेतले. वर हिरवेगार, बुंध्याशी नुसत्या काड्या. माळीदादा म्हणाले, "फादर, माथा पसरलाय, खाली ऊन पोचत नाही. बूड रुंद, माथा अरुंद ठेवायचा." आणि पावसाच्या तोंडाशी त्यांनी चांगल्या, टवटवीत फांद्याच कापल्या. आम्हांला वाईट वाटले.

योहानच्या शुभवर्तमानात, 15व्या अध्यायात, प्रभू सांगतो की फळ देणाऱ्या फांदीचीही पिता छाटणी करतो. सेमिनरीत यावर आम्ही पानेच्या पाने लिहिली होती. समजले ते कुंपणापाशी.

आपल्या धर्मग्रामात वाचन, गायन, सभा, सगळीकडे तीच नावे. चांगलीच माणसे आहेत. पण मागच्या बाकांवरच्यांना आम्ही कधी विचारलेच नाही. माथा आम्हीच पसरू दिला.

पुढील महिन्यापासून नेहमीच्या वाचकांनी एक रविवार आड विश्रांती घ्यावी. राग मानू नये. ज्यांनी आजवर कधीच वाचले नाही, त्यांनी मिस्सानंतर सॅक्रिस्टीत नाव द्यावे. अडखळलात तरी चालेल. चष्मा मात्र आणावा.