टाळ्यांची साक्ष

ग्रॅम पार्सन्स या अमेरिकन गायक-कवीची ‘ग्रीव्हस एंजल’ ही तबकडी आम्ही बरींच वर्षें ऐकत आलों आहों. शेतकरी-मजुरांचें ‘कंट्री’ गाणें आणि शहरी तरुणांचें ‘रॉक’ यांच्या संकरांतून जो ‘कंट्री रॉक’ निर्माण झाला, त्याच्या आद्य प्रवर्तकांपैकीं हा एक. या तबकडींत दोन गीतें जोडून गायिलीं आहेत. तीं उत्तर क्वेबेकमध्यें प्रत्यक्ष श्रोत्यांपुढें गायिलीं, असें शीर्षकच सांगतें. लोकांचा गलका, टाळ्या, आणि त्या गलक्यांतून हळूहळू वर येणारें ‘हिकरी विंड’ हें घराच्या ओढीचें गाणें! थंड मुलखांतल्या एखाद्या गुत्त्यांत दिवसभर राबलेलीं माणसें तें ऐकत आहेत, असें चित्र आमच्या डोळ्यांपुढें उभें राही.

मागें एका विद्यार्थ्यानें सहज सांगितलें कीं, तो जलसा कधीं झालाच नाहीं. १९७३ च्या उन्हाळ्यांत हॉलिवुडच्या मुद्रणगृहांत तीं गीतें गायिलीं गेलीं, आणि श्रोतृवृंद मागाहून वर चढविला. आम्हांस राग आला. आपण फसविले गेलों असें वाटलें. पण नेमके कशांत, हें ठरवितां येईना.

कारण त्या गाण्यांत दुसरेंही ‘असत्य’ आहे, आणि तें आम्हांस पूर्वींपासून ठाऊक होतें. त्यांत आठवण येते ती दक्षिण कॅरोलायनाची. गायकाचें बालपण गेलें जॉर्जियांतील वेक्रॉस गांवीं. गरिबांचीं गाणीं गाणाऱ्या या मुलाचें आजोळ फ्लॉरिडांतील फळबागांचे धनिक मालक. तरी आम्हीं त्यास कधीं खोटा म्हटलें नाहीं. १९५८ सालीं वडिलांनीं आत्महत्या केली, १९६५ सालीं मद्यानें आई गेली. ज्याला परतावयास घरच उरलें नाहीं त्यानें कोणत्याही प्रांताचें नांव घ्यावें. कवीचा ‘मी’ हा साक्षीदाराचा ‘मी’ नव्हे, हें आम्ही वर्गांत तीस वर्षें शिकवीत आहों.

टाळीची गोष्ट मात्र निराळी आहे. टाळी ही गीताचा भाग नव्हे. ती गीताविषयींची दुसऱ्याची साक्ष आहे. कवीनें कल्पना वाटेल तितकी करावी, पण साक्षीदार स्वतःच उभे करूं नयेत, असा आम्हीं निवाडा दिला. (पुढच्या बाकांवरील माना डोलतात, तेव्हां ती साक्ष कितपत खरी हें आम्हीं स्वतः कधीं तपासलें नाहीं, हें येथें कबूल केलेलें बरें.)

पण मग खऱ्या श्रोत्यांची साक्ष काय होती? १५ मार्च १९६८ रोजीं नॅशव्हिल येथें ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कंट्री संगीताच्या मानाच्या रंगमंचावर हाच गायक ‘बर्ड्‌स’ या ताफ्याबरोबर उभा राहिला. ठरलेलें गाणें बाजूस ठेवून, आजीला अर्पण करून, त्यानें हेंच ‘हिकरी विंड’ म्हटलें. लांब केसांच्या त्या तरुणांची श्रोत्यांनीं टवाळी केली, असें त्या रात्रीच्या आठवणी सांगणारे लिहितात. पुढें त्याची पहिली स्वतंत्र तबकडी १९७३ च्या जानेवारींत निघाली; एल्विस प्रेस्लीच्या ताफ्यांतील जेम्स बर्टन, ग्लेन डी. हार्डिन यांच्यासारखे वादक साथीस आणि एमिलू हॅरिसचा सूर जोडीस असूनही ती खपली नाहीं. त्यानंतर कांहीं महिन्यांनीं त्यानें तेंच जुनें गाणें पुन्हां काढलें, आणि या वेळीं श्रोतेही आपल्या मनाजोगे घडवून घेतले.

ही केवळ थट्टा होती, असें कोणी म्हणेल. उत्तर क्वेबेकचें नांव पाहतां तसा संशय येतो खरा. तथापि थट्टेसाठीं हेंच गाणें कां निवडावें, याचें उत्तर त्यानें मिळत नाहीं. लबाडी ती लबाडीच, या आमच्या मतांत फरक पडलेला नाहीं. पण ती कोणास फसविण्यासाठीं केली, आम्हांस कीं स्वतःस, हें आतां आम्हांस सांगतां येणार नाहीं. १९ सप्टेंबर १९७३ रोजीं सव्विसाव्या वर्षीं तो वारला. तबकडी जानेवारी १९७४ मध्यें बाहेर आली.

ती आम्ही अजून लावतों. गलका सुरू झाला कीं आवाज कमी करावा म्हणून हात पुढें जातो, आणि बहुधा तसाच राहतो.